जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना: पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलायचा म्हटले की बहुतेक जण सगळा मजकूर निवडतात, इंटरनेटवर पहिल्यांदा दिसलेल्या कन्व्हर्टरमध्ये टाकतात, बाहेर आलेले कागदपत्र वरवर चाळतात आणि जुनी फाइल पुसून टाकतात. पुढे कधीतरी ‘दुसर्या’, ‘लाेक’, ‘स्वत:’ असे शब्द नजरेस पडतात, मधली इंग्रजी नावे अगम्य झालेली दिसतात आणि दोष कन्व्हर्टरवर जातो. माझ्या अनुभवात यातल्या बहुतेक चुका रूपांतराच्या आधीच्या तयारीत किंवा नंतरच्या साफसफाईत होतात. प्रत्यक्ष रूपांतर हे या कामातले सर्वांत छोटे पाऊल आहे. खाली दिलेला क्रम लिब्रेऑफिस हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर धरून लिहिला आहे, आणि तो क्रम मोडला तर केलेले काम पुन्हा करावे लागते.

## आधी एवढे समजून घ्या

जुन्या फॉन्टमध्ये मराठी मजकूर साठवलेलाच नसतो. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे रेखाटलेले असतात, एवढेच. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरे असतो. ‘धर्म’ साठवला जातो तो तिरकी रेघ, के, ई आणि मोठा झेड असा: पहिली दोन चिन्हे मिळून ‘ध’, तिसरे ‘म’ आणि शेवटचे रफार. म्हणजे जुन्या फाइलमध्ये रफार ‘म’च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र उच्चाराच्या क्रमाने ध, र, हलन्त, म असे लिहावे लागते. ऱ्हस्व वेलांटीचे याच्या उलट आहे: ती जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर साठवली जाते. कन्व्हर्टरला चिन्हे बदलण्याबरोबर त्यांच्या जागाही हलवाव्या लागतात, आणि बहुतेक चुका या हलवाहलवीत होतात.

## १. मूळ फाइलची प्रत आणि पीडीएफ

मूळ फाइल उघडण्यापूर्वीच तिची प्रत करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पुढचे सगळे काम प्रतीवर करायचे आहे.

त्यानंतर ज्या संगणकावर तो जुना फॉन्ट बसवलेला आहे आणि मजकूर नीट वाचता येतो, त्या संगणकावर फाइल उघडून तिची पीडीएफ काढा. हे पाऊल लोक हमखास वगळतात. रूपांतरानंतर एखादा शब्द ‘दर्या’ होता की ‘दऱ्या’, अशी शंका आली की ताडून पाहायला ही पीडीएफच उपयोगी पडते, कारण तिच्यात अक्षरांची मूळ रूपे गोठलेली असतात. फॉन्टची फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. संगणक बदलला की जुना फॉन्ट पुन्हा मिळेलच असे नाही.

तपासणी: फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर पीडीएफ उघडा. मजकूर वाचता आला तर फॉन्ट पीडीएफमध्ये समाविष्ट झाला आहे. रोमन अक्षरे दिसली तर पीडीएफ पुन्हा काढा.

## २. फॉन्ट नक्की कोणता, हे ओळखणे

मजकुरात कर्सर ठेवून फॉन्टच्या चौकटीतले नाव वाचा आणि आकड्यासकट लिहून घ्या. लिब्रेऑफिसमध्ये ते नाव तिरप्या अक्षरांत दिसले तर तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नाही, असा त्याचा अर्थ. नुसते ‘श्रीलिपी’ किंवा ‘शिवाजी’ एवढे पुरत नाही, कारण एकाच उत्पादकाच्या वेगवेगळ्या मालिकांचे अक्षरतक्ते वेगळे असू शकतात, आणि चुकीचा तक्ता वापरला तर अर्धा मजकूर बरोबर येऊन अर्धा बिघडतो. हा अर्धवट बिघाड सर्वांत त्रासदायक, कारण पहिल्या पानावर सगळे ठीक वाटते.

एकाच फाइलमध्ये दोन-तीन जुने फॉन्ट मिसळलेले असणेही नेहमीचेच: शीर्षके एका फॉन्टमध्ये, मजकूर दुसऱ्यात, तळटिपा तिसऱ्यात. प्रत्येक प्रकारच्या मजकुरात कर्सर ठेवून पाहा.

मजकूर युनिकोडमध्ये आधीच आहे की नाही याबद्दल शंका असेल, तर एक परिच्छेद निवडून त्याला नोटो सान्स देवनागरी हा मुक्त परवान्याचा फॉन्ट लावा. मराठी मराठीच राहिली तर मजकूर युनिकोड आहे. रोमन अक्षरांची रांग उमटली तर तो जुन्या फॉन्टमधला आहे.

इशारा: काही जुने फॉन्ट चिन्हांचे फॉन्ट म्हणून नोंदवलेले असतात. अशा वेळी वर्ड प्रोसेसर त्यांची अक्षरे युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात ठेवतो, आणि मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांऐवजी नुसते रिकामे चौकोन उमटतात. कन्व्हर्टर अशा मजकुरापुढे हतबल असतो. तो फॉन्ट बसवलेल्या संगणकावरून फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन करून पाहा. तेही साधले नाही, तर शेवटी दिलेला ओसीआरचा, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखण्याचा मार्ग धरा.

## ३. ऑटोकरेक्ट बंद करणे

लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स’ मेनूतील ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ उघडा आणि वाक्याचे पहिले अक्षर मोठे करणे, सरळ अवतरणचिन्हे वळणदार करणे आणि आपोआप शब्द बदलणे, या तिन्हींवरच्या खुणा काढा.

याचे कारण जुन्या फॉन्टच्या रचनेत आहे. फाइल नुसती उघडल्याने काही बिघडत नाही. पण रूपांतरापूर्वी एखादी दुरुस्ती म्हणून तुम्ही ‘मराठी’ने सुरू होणारे वाक्य टाइप केले, की प्रोग्रॅमला ते रोमन लहान ‘ई’ने सुरू होणारे वाक्य वाटते आणि तो त्या ‘ई’ला मोठा करतो. कृतिदेवमध्ये मोठा ‘ई’ म्हणजे अर्धा म. झाले, ‘मराठी’चे ‘म्राठी’! अवतरणचिन्हांचेही तसेच आहे. जुन्या फॉन्टमध्ये त्या जागांवर अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, आणि वळणदार चिन्ह आले की तुकडाच हरवतो.

रूपांतरापूर्वी शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या करूच नयेत, हे उत्तम. मूळ मजकूर जसा आहे तसा, चुकांसकट, युनिकोडमध्ये आणा आणि मग सुधारा.

## ४. इंग्रजी मजकूर बाजूला काढणे

कन्व्हर्टरला साधा मजकूर दिला की फॉन्टची माहिती गळून पडते. मग टाइम्स न्यू रोमनमधले खरे इंग्रजी नाव आणि कृतिदेवमधला मराठी शब्द त्याला सारखेच दिसतात, आणि तो दोन्हींचे ‘मराठी’ करून मोकळा होतो. मी स्वतः एकदा एका संस्थेची मोठी वार्षिक अहवालांची मालिका या खबरदारीशिवाय एका दमात रूपांतरित केली, आणि नंतर प्रत्येक ईमेल पत्ता आणि प्रत्येक संक्षेप मूळ कागदावरून पुन्हा टाइप करत बसलो.

उपाय सोपा आहे. ‘फाइंड अँड रिप्लेस’ उघडा, ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’वर (नमुना देऊन शोधण्याची सोय) खूण करा, शोधाच्या चौकटीत `.+` लिहा, आणि कर्सर त्याच चौकटीत असताना ‘फॉरमॅट’ बटणातून इंग्रजीचा फॉन्ट निवडा. बदलाच्या चौकटीत `◆&◆` लिहा. इथे `&` म्हणजे ‘जे सापडले ते जसेच्या तसे’. आता त्या फॉन्टमधला प्रत्येक तुकडा दोन काळ्या चौकटींच्या मध्ये बंदिस्त होईल.

खूण म्हणून कंस किंवा तारका वापरू नका. जुना फॉन्ट जेमतेम अडीचशे जागांमध्ये सगळी देवनागरी कोंबतो, त्यामुळे कीबोर्डवरच्या बहुतेक चिन्हांवर एखादे मराठी अक्षर बसलेले असते. कृतिदेवमध्ये बंद होणारा चौकोनी कंस म्हणजे स्वल्पविराम आणि स्वल्पविराम म्हणजे ‘ए’. ◆ हे चिन्ह त्या जागांच्या बाहेरचे असल्यामुळे ते कन्व्हर्टरमधून सुखरूप बाहेर येते. आतला इंग्रजी मजकूर बिघडेल, पण तो कुठे आहे हे नेमके कळेल आणि मूळ प्रतीतून परत आणता येईल.

तपासणी: खुणा घातल्यावर दोन-तीन पाने चाळा. मराठी शब्दांभोवती ◆ दिसत असेल तर चुकीचा फॉन्ट निवडला गेला आहे. लगेच ‘अन्डू’ करा.

## ५. कन्व्हर्टर पारखणे

कृतिदेवचे बरेच कन्व्हर्टर एका वेबपानाच्या रूपात मिळतात आणि त्यांचा तक्ता पानाच्या स्रोतात उघडा असतो. ते पान संगणकावर जतन करा, इंटरनेट बंद करा आणि चालते का पाहा. चालले तर तुमचा मजकूर कोठेही पाठवला जात नाही याची खात्री होते. कर्मचाऱ्यांच्या याद्या, इतिवृत्ते, दस्तांचे मसुदे यांसाठी ही खात्री हवीच. (स्रोत दिसतो म्हणजे साधन मुक्त स्रोत झाले, असे नव्हे. परवाना लिहिलेला नसेल तर ते फक्त उघडे आहे.) तयार कन्व्हर्टर न मिळालेल्या फॉन्टसाठी एसआयएल या संस्थेचे टेककिट हे मुक्त साधन आहे, त्यात अक्षरांचा तक्ता स्वतः लिहावा लागतो, पण एकदा लिहिला की शेकडो फायलींना चालतो.

सगळी फाइल टाकण्याआधी जुन्या फॉन्टमध्येच पुढचे शब्द टाइप करून त्यांची परीक्षा घ्या:

दुसऱ्या, कुऱ्हाड, कार्य, विद्यार्थ्यांनी, निर्मिती, स्थिती, बाळ, बॅट, डॉक्टर, मूर्तींची, दुःख, क्षत्रिय, श्री, १०:३०

यातला ‘विद्यार्थ्यांनी’ हा सर्वांत कठीण पेपर. मूळ मजकुरात रफार ‘थ्या’च्या नंतर टाइप झालेला असतो, आणि कन्व्हर्टरला तो अर्धा थ, य आणि काना ओलांडून मागे न्यावा लागतो. ‘स्थिती’मध्ये वेलांटीला अर्ध्या ‘स’वरून उडी मारून पूर्ण ‘थ’च्या पुढे जायचे असते. हे दोन शब्द बरोबर आले तर कन्व्हर्टरचे गणित पक्के आहे. यादीतले पहिले दोन शब्द बहुधा चुकतील, कारण पुष्कळसे कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात आणि हिंदीत ‘ऱ्य’ लागत नाही. तेवढ्यावरून साधन नाकारू नका; त्यावरचा इलाज सातव्या टप्प्यात आहे.

## ६. प्रत्यक्ष रूपांतर

मजकूर प्रकरणाप्रकरणाने द्या. एक प्रकरण टाका, निघालेला मजकूर साध्या मजकुराच्या संपादकात पेस्ट करा, फाइल यूटीएफ-८ या संकेतनात जतन करा आणि मग पुढचे प्रकरण घ्या.

इशारा: जुन्या नोटपॅडमध्ये जतन करताना ‘एएनएसआय’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो तसाच राहिला तर प्रत्येक मराठी अक्षराचे प्रश्नचिन्ह होते आणि त्या फाइलमधून मजकूर पुन्हा मिळत नाही.

तक्ते आणि स्प्रेडशीट यांना वेगळी वागणूक लागते. अशी फाइल स्वल्पविरामांनी विभागलेल्या स्वरूपात जतन करून कन्व्हर्टरला देऊ नका. वर सांगितल्याप्रमाणे कृतिदेवमध्ये स्वल्पविराम म्हणजे ‘ए’, त्यामुळे स्तंभांच्या सीमा अक्षरे बनून मजकुरात मिसळतात. केवळ नावे, पत्ते, शेरे असे मजकुराचे स्तंभ एकेक करून कॉपी करा आणि रूपांतरित करून त्याच ओळींसमोर परत पेस्ट करा. रकमा आणि क्रमांक यांच्या स्तंभांना हातही लावू नका. ते जुन्या फॉन्टमध्ये मराठी अंकांसारखे दिसत असले तरी आत खरे आकडे असतात; त्यांचे रूपांतर केले की ते नुसता मजकूर बनतात आणि बेरीज शून्य येते.

तपासणी: रूपांतरित स्तंभातील ओळींची संख्या मूळ स्तंभाइतकीच आहे ना, हे मोजा. एक ओळ जरी सरकली तरी पुढचे प्रत्येक नाव दुसऱ्याच्या पत्त्यासमोर जाते.

## ७. साफसफाई, आणि तिचा क्रम

हा टप्पा सर्वांत लांब आहे आणि याची घाई करू नये. शुद्धलेखन तपासनीस शेवटी चालवायचा आहे, कारण खालचे दोष राहिले तर तो निम्म्या मजकुराखाली लाल रेघ ओढतो.

तुकड्यांचे स्वर. ‘लोक’ आणि ‘लाेक’ हे दोन शब्द पडद्यावर जवळपास सारखे दिसतात. पहिल्यात ‘ो’ ही एक मात्रा आहे, दुसऱ्यात काना आणि मात्रा अशी दोन चिन्हे आहेत. शोधयंत्राला हे वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे ‘लोक’ शोधल्यावर ‘लाेक’ सापडत नाही. बदल या क्रमाने करा: आधी ा + े यांचे ो, ा + ै यांचे ौ, ा + ॅ यांचे ॉ, त्यानंतर अ + ो यांचे ओ, अ + ौ यांचे औ, अ + ॉ यांचे ऑ, अ + ॅ यांचे ॲ, आणि सर्वांत शेवटी अ + ा यांचे आ. उलट क्रमाने गेलात तर अ + ा + े यांतले पहिले दोन ‘आ’ बनतात, मागे एक अनाथ मात्रा उरते आणि ती नंतर कोणत्याच नियमात बसत नाही.

जागा चुकलेल्या मात्रा. टिंबांचे वर्तुळ दिसले की तिथे मात्रेला अक्षर मिळालेले नाही. ते वर्तुळ मजकुरात नसते, पडद्यावर दाखवताना काढले जाते, म्हणून ते शोधून सापडत नाही. त्याऐवजी रेग्युलर एक्स्प्रेशन चालू ठेवून `[ािीुूेैोौ][ािीुूेैोौ]` शोधा: लागोपाठ आलेल्या दोन मात्रा मिळतील. `ं[ािीुूेैोौ]` शोधले की मात्रेच्या आधी घुसलेला अनुस्वार मिळतो. इथे ‘सर्व बदला’ वापरू नका. प्रत्येक जागा पीडीएफशी ताडून दुरुस्त करा.

ऱ्य आणि ऱ्ह. इथे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की नुकसान होते. पहिल्या प्रकारात कन्व्हर्टर र, हलन्त आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह घालून ‘र्‍य’ लिहितो. हे दिसायला बरोबर असते, पण मराठीसाठी ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये ०९३१ या जागी आहे आणि तेच वापरावे. मजकुरातला तो ‘र्‍’ कॉपी करून शोधाच्या चौकटीत पेस्ट करा आणि ‘ऱ्’ने सरसकट बदला. शोधाच्या चौकटीत हाताने टाइप करू नका, अदृश्य चिन्ह राहून जाते.

दुसऱ्या प्रकारात कन्व्हर्टरने साधा रफार दिलेला असतो: ‘दुसर्या’, ‘तर्हा’. ‘र्य’चे सरसकट ‘ऱ्य’ करण्याचा मोह इथे होतो. तसे केले तर ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘पर्याय’ हे सगळे बिघडतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्ही शब्द खरे आहेत आणि कोणता हवा हे फक्त वाक्य सांगते. ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधत एकेक जागा पाहा. कंटाळवाणे काम आहे, पण याला पर्याय नाही.

तपासणी: लिब्रेऑफिसमध्ये ‘ऱ’च्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबा. एकटा ०९३१ हा कोड दिसला पाहिजे. ०९३सी दिसला तर तो ‘र’खाली नुक्ता देऊन बनवलेला आहे, तोही बदलून घ्या. पुन्हा त्याच कळा दाबल्या की अक्षर परत येते. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ उमटतो.

विसर्ग. ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘स्वत:’ यांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम आलेला असतो. शब्दाच्या मधले सहज ओळखू येतात. शब्दाच्या शेवटी आलेला आणि वेळेतला अपूर्णविराम खराही असू शकतो, म्हणून तेवढे डोळ्यांखालून घाला.

यानंतर ◆ शोधत जा, आतले इंग्रजी मूळ प्रतीतून परत आणा आणि खुणा काढा. मग मराठीचा हनस्पेल शब्दसंग्रह जोडून शुद्धलेखन तपासा.

## ८. मांडणी

युनिकोड मजकूर लिब्रेऑफिसमध्ये आणला की अक्षरे लहान-मोठी होतात आणि ‘फॉन्ट बदलूनही बदलत नाही’ अशी तक्रार येते. देवनागरीला या प्रोग्रॅममध्ये ‘कॉम्प्लेक्स’ लिपी मानतात, आणि तिचा फॉन्ट, आकार व ठळकपणा रोमनपेक्षा वेगळा साठवला जातो. ‘ऑप्शन्स’मधील भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स लिपीची सोय चालू करा, तिची भाषा मराठी ठेवा, आणि परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये कॉम्प्लेक्स विभागातच फॉन्ट व आकार ठरवा. भाषा मराठी ठेवल्यावर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आपोआप देतात. तिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ती मुळातच आहेत.

## ९. फक्त पीडीएफ किंवा छापील कागद असेल तर

जुन्या पीडीएफमधून मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरला देण्याच्या भानगडीत पडू नये. अक्षरांचा क्रम बहुधा आधीच मोडलेला असतो. पाने ३०० डीपीआयला स्कॅन करा, सरळ करा, आणि टेसरॅक्ट हे मुक्त ओसीआर साधन मराठीच्या भाषाफाइलसह वापरा. आज्ञा टाइप करायच्या नसतील तर त्याच्यासाठी जीइमेजरीडर हे खिडक्या-बटणांचे आवरण मिळते. भाषाफाइल हिंदीची निवडली गेली तर ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ हमखास चुकतात. ओसीआरचा मजकूर थेट युनिकोडमध्ये येतो. त्याला कन्व्हर्टर लागत नाही, पण सातव्या टप्प्यातली विसर्ग आणि ‘ऱ्य’ यांची तपासणी त्यालाही करावी.

## १०. जतन करणे

तीन फायली ठेवा. संपादनासाठी ओडीटी, म्हणजे २००६ साली आयएसओने २६३०० या क्रमांकाने मान्य केलेले ओपनडॉक्युमेंट स्वरूप. वाचनासाठी आणि जपणुकीसाठी पीडीएफ/ए. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ निर्यात करताना ‘आर्काइव्हल’वर खूण केली की फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट होतो. आणि शोध घेण्यासाठी यूटीएफ-८मधील साधा मजकूर. फाइलच्या नावात मूळ फॉन्टचे नाव आणि रूपांतराची तारीख लिहा.

मूळ फाइल, जुना फॉन्ट आणि पहिल्या टप्प्यातली पीडीएफ यांचे फोल्डर पुसू नका. एखादा ‘दर्या’ चुकून राहिलेला असतो, आणि तो सापडतो तेव्हा खरे काय होते ते त्या फोल्डरशिवाय कोणालाच सांगता येत नाही.